कानातली हजेरी

दुंडाप्पा चौगुले कानाच्या परीक्षेत पन्नासपैकी पन्नास शब्द बरोबर सांगून पास झाला, ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक. त्याची नव्हे, माझी.

साल २०३१. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी श्रवणहानी भरपाईचं पहिलं शिबिर भरलं होतं आणि मी या कामात नवी होते. आवाज न शिरणारी एक खोली, तिला काचेची खिडकी. कामगार आत बसणार, मी बाहेरून मायक्रोफोनमध्ये शब्द म्हणणार, तो शब्द त्याने परत म्हणायचा. दर शब्दाला मी आवाज एक पायरी खाली उतरवायची. सुपारी. तराजू. गाजर. जितके कमी शब्द ऐकू येतील तितकी भरपाई जास्त. त्यामुळे सकाळपासून आलेल्यांत काही अस्सल बहिरे होते आणि काही होतकरू. मी ‘गाजर’ म्हटलं की होतकरू माणूस आधी मान हलवायचा आणि मग आठवण झाल्यासारखं ‘आं?’ म्हणायचा.

दुंडाप्पाने मात्र सगळे शब्द सांगितले. आवाज जवळजवळ शून्यावर आला तरी तो खणखणीत गाजर, तराजू, सुपारी म्हणत राहिला. शेवटी कंटाळून मी मायक्रोफोन बंद केला आणि शेजारच्या शिपायाला म्हटलं, “चहा सांगा हो दोन.”

आतून दुंडाप्पा म्हणाला, “चहा सांगा हो दोन.”

मी हसले आणि दाखल्यावर लिहिलं : दोन्ही कान उत्तम.

बाहेर त्याचे सोबती वाट बघत होते. “अरं, भरपाई मागाय गेलास आन् पैला नंबर काडून आलास?”

“इचारलं तर सांगाय नको?” दुंडाप्पा म्हणाला. “उत्तर येत असताना चुकवायचं कशाला?”

चहाचा उलगडा मला पुढे दोन वर्षांनी झाला, जेव्हा मी पहिल्यांदा चालू शेडमध्ये पाय ठेवला. अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडत होते. कापडातून इकडून तिकडे जाणारा लाकडी धोटा दर मिनिटाला दीडशे वेळा आपटत होता, आणि त्या गदारोळात माणसं निवांत गप्पा मारत होती. आवाज न काढता. नुसते ओठ हलवून. एक जण वीस फुटांवरच्या दुसऱ्याला भाजीचा भाव सांगत होता, तिसरा त्यात चूक काढत होता. इथे जो तुमच्याकडे बघतो तो ऐकतो. ज्याला ऐकायचं नसेल त्याने नजर खाली घालायची, की कान झाकले. नवरा-बायकोची भांडणं या भाषेत फार सोयीची होतात असं म्हणतात. शेजाऱ्यांना त्रास नाही आणि एकाने खाली बघितलं की भांडण संपलं.

दुंडाप्पाने त्या दिवशी एकही शब्द ऐकला नव्हता. काचेतून माझे ओठ वाचले होते.

त्याचा अर्ज फेटाळला गेला होता, माझ्या सहीने, आणि तेव्हाच्या नियमात फेटाळलेला अर्ज पुन्हा उघडता येत नव्हता. ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून २०४४मध्ये कर्णवाचक यंत्र आमच्या श्रवणहानी कक्षात आलं तेव्हा पहिल्या यादीत त्याचं नाव मीच घातलं.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. कानाच्या आत शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसाळ पेशी पेटीच्या पट्ट्यांसारख्या सुरांच्या क्रमाने मांडलेल्या असतात. तोंडाशी चढे सूर, आत खोलवर खर्ज. मोठ्या आवाजाने त्या त्या सुराच्या पेशी मरतात आणि परत उगवत नाहीत. शेजारच्या पेशी सरकून खड्डा बुजवतात, तिथे व्रण राहतो. एवढं जुनंच. नवीन कळलं ते असं, की या व्रणावर दर काही आठवड्यांनी एक अतिसूक्ष्म थर चढतो. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे थर मोजले की पेशी कोणत्या साली, साधारण कोणत्या महिन्यात मेली ते कळतं. आणि कशाने मेली तेही, कारण सलग घरघर पेशीला झिजवते आणि ठोका तिला उपटतो. धोट्याचा ठोका एका पट्टीत बसतो, फटाक्याचा दुसऱ्या. कानाच्या पडद्याआड प्रकाशाचा किरण सोडून दहा मिनिटांत हे सगळं वाचता येतं.

मोजणी कुठून सुरू करायची, हा प्रश्न २०२०ने सोडवून ठेवला होता. टाळेबंदीत सगळं जग गप्प बसलं, त्यामुळे तेव्हा जिवंत असलेल्या प्रत्येक कानात काही महिने कोरे आहेत. आम्ही तिला टाळेबंदीची रेघ म्हणतो. ती सापडली की तिथून मागेपुढे मोजत जायचं.

कामगारांच्या न्यायासाठी काढलेलं हे यंत्र लोकांनी लगेच आपापल्या कामाला लावलं. एक बाई मुलाला घेऊन आल्या. तो वर्षभर अभ्यासिकेत बसत होता की डीजेपुढे नाचत होता, ते सांगा म्हणाल्या. लग्नाच्या बोलणीत पत्रिकेबरोबर कानाचं वाचन मागायला सुरुवात झाली. कान हा मोठा चहाडखोर अवयव निघाला. शेवटी नियम झाला : पूर्ण वाचन ज्याचं त्याच्याकडे बंद पाकिटात राहील. भरपाईसाठी नुसता सारांश दिला तरी चालेल, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर माणूस ज्या दिवशी हजर, त्या दिवसाचं कानाचं नुकसान कारखान्याच्या नावावर धरलं जाईल. बहुतेक लोक सारांशच देतात. प्रत्येकाच्या कानात काही ना काही असतंच.

दुंडाप्पा आला तो बायकोला घेऊन. वय छप्पन्न, माग सोडून आठ वर्षं झालेली. बायको इंदुमती, सगळे तिला इंदाक्का म्हणतात, बारीक चणीची आणि नजरेने चलाख. त्यांची मुलगी पुण्यात असते. व्हिडिओ कॉलवर बोलताना ती दिव्याखाली तोंड धरून बसते, असं इंदाक्काने कौतुकाने सांगितलं.

दुंडाप्पाचा सारांश चांगला आला. भरपाईला पात्र हानी : सत्तर टक्के. मी त्याच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं. त्याने मान डोलावली.

“माझाबी कान बगा की वो बाई,” इंदाक्का म्हणाली. “फुकट हाय न्हवं?”

“तुमची नोकरी कुठे होती?”

“कुटली नोकरी? मी घरातच हुतो.”

हा ‘हुतो’ चुकून आलेला नाही. आमच्या भागात बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांची सुरुवातीला फार धांदल उडते.

मी तिचा कान वाचायला घेतला तो गंमत म्हणून. घरातल्या बाईच्या कानात काय असणार? मिक्सर, शिट्ट्या, गणपतीतला लाऊडस्पीकर. पडद्यावर चित्र उमटलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. धोटा. टाळेबंदीच्या रेघेच्या आधी तीन आणि नंतर सहा असे नऊ गडद पट्टे, मिनिटाला दीडशे ठोक्यांचे. हानी एकवीस टक्के.

“अक्का, घरात माग होता का?”

इंदाक्काने नवऱ्याकडे बघितलं. दुंडाप्पा जमिनीवरच्या फरशीकडे बघत होता. म्हणजे कान झाकून.

“ह्यांची कंबर धरायची,” ती म्हणाली. “संकेश्वरच्या वैद्याकडं चार-चार दीस जायाचे. माग बंद ठेवला तर मालक दुसऱ्याला देणार. मग मी ह्यांचा सदरा घालून, डोक्याला फडकं बांदून उभा ऱ्हायाचो. चार माग. मुकादमाला ठावं हुतं. हजेरी ह्यांच्याच नावावर.”

“मग तुमचा अर्ज का नाही केला?”

“कशाच्या जिवावर? कागदावर मी कुटं हाय?”

मी तिचा अर्ज त्याच दिवशी भरला. ती जे काम केलं म्हणत होती त्याचा एकही कागद जगात नव्हता. होते ते हे नऊ पट्टे. पट्टे मिळाले तर भरपाई, नाही तर ती आयुष्यभर घरात बसलेली बाई.

ते दोघं बाहेर बाकावर बसले आणि मी दोन्ही वाचनं पडद्यावर शेजारी ठेवली. दुंडाप्पाच्या कानात धोटा जिथे विरळ होत होता, नेमका तिथे इंदाक्काच्या कानात तो सुरू होत होता. फाडलेल्या पावतीचे दोन तुकडे जुळावेत तसं. इथपर्यंत ठीक. पण मला खोड आहे, मी महिने बघायला लागले. दुंडाप्पाची कंबर दर वर्षी फाल्गुनात कुरकुरू लागायची, वैशाखात अगदी टेकीला यायची आणि आषाढ लागला की एकदम बरी. चातुर्मासात तर ठणठणीत. मी उठून भिंतीवरचं पंचांग पाहिलं. कंबरेचं दुखणं लग्नाच्या मुहूर्तांप्रमाणे चाललं होतं.

आणि त्या महिन्यांत त्याचा कान कोरा नव्हता. तिथे दुसरे ठोके होते. धोट्याहून चढे, सुटे, भराभर आणि फार लयदार.

मी दुंडाप्पाला एकट्याला काचेच्या खोलीत बसवलं, तेरा वर्षांपूर्वीच्या त्याच खोलीत. ती सोय उत्तम होती. तो आत बोलला तर फक्त माझ्या कानावरच्या हेडफोनमध्ये येणार, आणि मी बाहेर नुसते ओठ हलवले की त्याला कळणार. बाकावरच्या इंदाक्काकडे माझी पाठ होती.

“ताशा?” मी ओठांनी विचारलं.

तो खाली बघू शकला असता. बघितलं नाही.

“नऊ हंगाम,” तो म्हणाला. “निपाणीच्या एका ताशा पार्टीत. जोतिबाची आण, बाई, पैसं सगळं घरातच आणलं. वैद्यानं काम दिलं म्हणून सांगायचो.”

“वैद्यानं? कंबर दुखणाऱ्याला?”

“तिनं कवा इचारलं न्हाई.”

“पण लपवलंत कशाला?”

“सासऱ्यानं पोरगी देतानाच सांगितलं हुतं, पोरगा कामाचा हाय, पर वाजंत्र्यात दिसला तर पोरगी माघारी नेणार. मी ताशा सोडला म्हणून शब्द दिला. सोडलाबी. एक वरीस.”

“आणि मग?”

“मग हात वळवळाय लागलं.” त्याने मांडीवर दोन बोटांनी काहीतरी वाजवलं आणि थांबला. “त्यो ताशा काडून टाकता येतो का वो?”

“कानातून की कागदातून?”

“कागदातनं. कानातनं कशाला? शेवटचं नीट ऐकलेलं तेवडंच तर हाय.”

मी त्याला हिशेब सांगितला. सारांश दिला तर ताशा मागात विरघळून जातो, कारण हजेरीपटावर तो बाराही महिने हजर आहे. त्याचे सत्तर टक्के शाबूत. पण मग इंदाक्काचे पट्टे कुठले, हे कोणी सांगायचं? कारखानदार म्हणेल, बाईचा कान आणि कशाने गेला असेल. तिचं खरं ठरायचं तर त्याचं पूर्ण वाचन तिच्या वाचनाशेजारी ठेवावं लागेल, सगळ्यांसमोर, महिन्यावार. त्याचे होतील एकसष्ट. आणि ताशा मोठ्याने वाचला जाईल.

“समद्यांम्होरं?”

“हो.”

“तिच्याबी?”

“तीच अर्जदार आहे, मामा.”

“बगू,” म्हणाला आणि उठला. त्यानंतर सुनावणीपर्यंत तो कक्षाकडे फिरकला नाही. इंदाक्का मात्र दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी तिने मला विचारलं, “ह्यांच्या कानात काय हाय?” मी म्हटलं, ते मला सांगता येत नाही. ती हसली. “बरं हाय. निदान एकाच्या पोटात ऱ्हातंय.”

सुनावणीला निवाडा अधिकारी होते वाघचौरे, नगरकडचे, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारे. कारखान्याचे मालक बाहुबली मगदूम स्वतः आले होते. सत्तरीचे, जैन मंदिराचे विश्वस्त, पांढरे स्वच्छ कपडे, हातात रुमाल. आमच्या गावातले जुने कारखानदार मॅनेजरशी बोलताना तोंडावर रुमाल धरतात. लोकांना वाटतं खोकला आहे. तीस वर्षं ओठ वाचणाऱ्या माणसांच्या पंगतीत काढली की ही सवय लागते.

इंदाक्काने जबानी दिली. “मी मागावर हुतो. नऊ हंगाम.”

मगदूम हसले. “साहेब, लिहून घ्या. ‘मी होतो.’ हा नवऱ्याचाच जबाब झाला.”

वाघचौऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “मगदूमशेठ, माझी बायको कागलची आहे. ती रोज घरी ‘आलो’ म्हणते. मी तिला अजून ओळखतो. पुढे बोला.”

“पुढे हेच, की यांची खोली आमच्या शेडच्या भिंतीला लागून होती. घरी बसून ऐकलं असेल.”

हे माझं काम होतं. मी सांगितलं, की भिंत चढे सूर खाते आणि खर्ज सोडते. भिंतीपलीकडे बसलेल्याचा कान आतल्या बाजूने जातो, मागापुढे उभ्या राहिलेल्याचा नळीच्या तोंडापासून. इंदाक्काचा तोंडापासून गेला आहे.

“मग दुसऱ्या कुणाच्या मागापुढे उभी असेल,” मगदूम म्हणाले. “गावात लाखभर माग. माझ्याच कशावरून? माझ्या हजेरीपटावर बारा महिने दुंडाप्पा आहे.”

वाघचौऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ दुंडाप्पाचं पाकीट होतं आणि ते उघडायचा अधिकार मला नव्हता.

मगदूम वळले. दुंडाप्पा मागच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि त्याला नीट दिसेल असे ओठ हलवत विचारलं, “दुंडाप्पा, तू होतास की नाही रे बाराही महिने? हो म्हण, झालं. तुझं सत्तर टक्के मी सही करून टाकतो.”

दुंडाप्पाने बायकोकडे बघितलं. मीही बघितलं. इंदाक्काने नजर खाली घातली होती, स्वतःच्या हातांकडे. आधी मला वाटलं, बिचारी खचली. मग लक्षात आलं, की ती कान झाकून बसली आहे. तो जे काही म्हणेल ते आपण ऐकलं नाही, असं ठरवून. त्याला मोकळं सोडून.

हे दुंडाप्पाच्या माझ्या आधी लक्षात आलं असणार. तो उभा राहिला.

“न्हाई, मालक. नऊ हंगाम मी नव्हतो. ती हुती. बाई, माझा कान पुरा वाचा.”

“तुमचे नऊ टक्के कमी होतील, चौगुले,” वाघचौरे म्हणाले आणि मग आठवून तेच त्याच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणाले.

“व्हय. जाऊ द्या. तिचं तिला लागू द्या.”

मी पाकीट फोडलं. दोन्ही वाचनं भिंतीवरच्या पडद्यावर शेजारी लावली आणि वाचत गेले. २०१७, फाल्गुन ते ज्येष्ठ : याचा धोटा उतरला, तिचा चढला. आषाढ : तिचा थांबला, याचा सुरू. २०१८, तसंच. २०१९, तसंच. टाळेबंदीची रेघ, दोघंही गप्प. २०२१ पासून पुन्हा सहा वेळा तसंच. चौथ्या-पाचव्या वर्षी खोलीतले लोक माझ्या आधीच महिने म्हणायला लागले.

“म्हणजे नऊ वर्षं मला फसवलं!” मगदूम म्हणाले.

“हजेरी तुमच्या मुकादमाने लिहिली,” वाघचौरे म्हणाले. “आणि कापडाचं काय? त्या महिन्यांत या चार मागांवर कापड कमी आलं?”

मगदूमांच्या चेहऱ्यावर कारखानदार आणि जैन मंदिराचे विश्वस्त यांची थोडी झटापट झाली. “कमी नाही,” ते शेवटी म्हणाले. “खरं सांगायचं तर त्या महिन्यांत डाग कमी असायचे. मला वाटायचं, उन्हाळा मानवतो याला.”

खोलीभर हशा पिकला. दुंडाप्पाला तो ऐकू गेला नाही, पण दिसला.

“आता एक राहिलं,” वाघचौरे कागदावर बोट ठेवून म्हणाले. “नोंद पूर्ण व्हायला हवी. त्या महिन्यांत अर्जदाराच्या नवऱ्याच्या कानात काय आहे?”

मी दुंडाप्पाकडे बघितलं, पण परवानगी त्याने दिलीच होती. मी वाचलं, “ताशा. लग्नसराईतला. नऊ टक्के.”

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. दुंडाप्पाने मान खाली घातली आणि डोळे फरशीला चिकटवले. आता कुणी काहीही म्हटलं तरी त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं. एकोणतीस साली वारलेल्या सासऱ्याचं म्हणणंही नाही.

इंदाक्का उठली. मला वाटलं बाहेर निघाली. ती मागच्या बाकापर्यंत गेली, त्याच्याशेजारी बसली आणि बाकाच्या फळीवर दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी ठोके द्यायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. मी नुकतेच ते ठोके पडद्यावर वाचले होते. वरात मांडवाशी आली की वाजतात ते. फळी थरथरली, ती थरथर त्याला बसल्या जागी लागली आणि त्याने दचकून वर बघितलं.

त्याने बघितलं, म्हणजे कान उघडले. इंदाक्काने आवाज न काढता ओठ हलवले. तेरा वर्षांत मीही ही भाषा जरा शिकले आहे, एवढं मला वाचता आलं.

“कंबर काय म्हणती आता?”

 दुंडाप्पाचे ओठ हलायला लागले, हळूहळू, खूप काही सांगायचं असल्यासारखे.

मी नजर खाली घातली आणि कागद आवरायला लागले.